सालीसकट

येरमाळ्याच्या शिवारात भाजीपाला करणाऱ्या कुणाच्याही वावरात जा, विहिरीच्या अंगाला दोन-चार ओळी वेगळ्या दिसतील. बाकीचं वावर हिरवंगार, तजेलदार, पानावर एक डाग नाही. आणि या ओळी मात्र किडक्या-मिडक्या, पानांना भोकं पडलेल्या. नवख्या माणसाला वाटावं, इथं पाणी पोचत नसेल. तसं काही नसतं. त्या घरच्या ओळी. त्यांच्यावर फवारा मारायचा नाही, हा नियम कुणी कुणाला शिकवत नाही आणि मोडतही कुणी नाही. घरच्या ओळीतलं घरच्या ताटात, बाकीचं बाजारात. बाजारातलं कोण खातं हे विचारायची पद्धत नाही. बाजार खातो, झालं.

राजेश्वरी लग्न होऊन या घरात आली तेव्हा सासूनं, म्हणजे मथुराबाईनं, तिला दुसऱ्याच दिवशी वावरात नेऊन या ओळी दाखवल्या होत्या. "हितलं आपलं. तिकडलं तोडायला बाया येतेत, तिकडलं घरात आणायचं न्हाय," एवढंच म्हणाली होती. राजेश्वरीनं मान डोलावली. तिच्या माहेरीही तसंच होतं. यात काही पाप आहे असं तिला वाटलं नाही, तिच्या सासूला वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्यापैकी कितीजणांना वाटलं असतं कुणास ठाऊक.

रणधीरची, म्हणजे राजेश्वरीच्या नवऱ्याची धाकटी बहीण गायत्री तुळजापुरात दिलेली. नवरा पंचायत समितीत कारकून, स्वभावानं गरीब. लग्नानंतर कैक वर्षं पाळणा हलला नाही. येडाईला खणा-नारळानं ओटी भरून झाली, सोलापूरच्या डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवून झाल्या, आणि मग शिवप्रिया झाली ती सातव्याच महिन्यात, कापसात गुंडाळून ठेवावी लागली एवढीशी. जगली हेच खूप. ती जगली तेव्हापासून गायत्रीनं एकच ध्यास घेतला. लेकीच्या पोटात वाईट काही जाऊ द्यायचं नाही.

तिनं मोबाईलवरचे खाण्यापिण्याचे सगळे व्हिडिओ पालथे घातले. मैदा बंद, साखर बंद, पुडीतलं सगळं बंद. शेजारच्या घरात वाढदिवस असला की ही लेकीला आधी घरी जेवू घालून न्यायची आणि केकच्या ताटलीपुढून उचलून आणायची. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. "आमची लेकरं काय दगड खाऊन वाढली का?" म्हणायच्या. गायत्री हसण्यावर न्यायची. पाच वर्षांची शिवप्रिया काडीसारखी होती, पण तुरुतुरु पळायची, दात पांढरेशुभ्र, आणि वर्षभरात एकदाही दवाखान्यात गेलेली नव्हती. तेवढं गायत्रीला पुरे होतं.

आणि या सगळ्याच्या मुळाशी होती राजेश्वरीची पिशवी. दर गुरुवारी राजेश्वरी घरच्या ओळीतली भाजी तोडून कापडी पिशवीत भरायची आणि रणधीर मोटारसायकलवर ती स्टँडवर नेऊन तुळजापूरच्या एसटीत ओळखीच्या कंडक्टरच्या, गोरोबाच्या, हवाली करायचा. तिकडं गायत्री ती उतरवून घ्यायची. वांगी, गवार, दोडका, आणि काकडी. काकडीवर शिवप्रियाचा भलताच जीव. मक्याचं कणीस धरावं तशी दोन्ही हातांनी धरून कचाकचा खायची. गायत्री साल काढायची नाही.

"सालीतच सगळं सत्त्व असतंय वैनी," ती फोनवर सांगायची. "बाजारातली असती तर सोलली असती, मिठाच्या पाण्यात बुडवून ठिवली असती. तुमच्या काकडीला कशाला? म्या तर नुसती पुसून देते. आमी दोघं खातच न्हाय त्यातली, समदी तिलाच."

हे ऐकलं की राजेश्वरीला आतून बरं वाटायचं. सासू चांगली होती पण मोजून बोलणारी, नवरा कामाला वाघ पण कौतुकाला मुका. तिच्या हातच्या गोष्टीवर असा डोळे झाकून विसंबणारं माणूस तिला दुसरं नव्हतं. गुरुवारची पिशवी भरताना ती सणाला ताट वाढावं तशी भरायची.

या उन्हाळ्यात वावरावर लाल कोळी पडला. डोळ्यांना नीट दिसतही नाही एवढा किडा, पण पानाखाली बसून रस शोषतो आणि वेल करपवून टाकतो. घरच्या ओळी आठवड्यात पिवळ्या पडल्या. रणधीर बाजारच्या काकडीसाठी दुकानातून कापसावरचं औषध घेऊन आला. ते भाजीवर मारायचं नसतं, हे बाटलीवरच्या कागदावर लिहिलेलं असतं, दुकानदारालाही माहीत असतं. पण लागू पडतं. मारल्यावर बरेच दिवस तोडा करायचा नसतो, हेही लिहिलेलं असतं. काकडी काही कागद वाचत नाही. ती रात्रीतून बोटभर वाढते, तोडा चुकला तर फुगून पिवळी पडते, मग ढोरांपुढं टाकावी लागते. म्हणून संध्याकाळी फवारा आणि सकाळी तोडा, असं चाललेलं होतं. एकटा रणधीरच करत होता असं नाही.

त्या गुरुवारी राजेश्वरी घरच्या ओळीत उभी राहिली तेव्हा वेलांना दोन काकड्या होत्या, त्याही वाकड्या, टोकाला सुकलेल्या. एक चाखून बघितली तर कडू. मागच्या आठवड्यातही पिशवी अर्धीच गेली होती आणि आदल्या दिवशीच गायत्रीचा फोन आला होता. "वैनी, काकडी न्हाय तर प्रिया जेवायलाच बसंना. बाजारातली म्या देणार न्हाय, उपाशी ऱ्हायली तरी चालंल. बघा की कुठं सापडती का."

आंब्याच्या सावलीत सकाळच्या तोड्याचे क्रेट रचून ठेवलेले होते. एकसारख्या, कोवळ्या, हिरव्यागार काकड्या. टेम्पो यायला अवकाश होता आणि रणधीर मोटार बघायला विहिरीवर गेलेला. राजेश्वरीनं इकडं-तिकडं बघितलं नाही, बघायची गरजही नव्हती, वावर तिचंच होतं. तिनं वरच्या क्रेटमधल्या काकड्या उचलल्या, टाकीवर नेऊन चोळून चोळून धुतल्या, घरून मीठ आणून मिठाच्या पाण्यात बुडवल्या, पुन्हा धुतल्या आणि पदरानं पुसून पिशवीत घातल्या. वर गवारीच्या शेंगा पसरल्या. एका वेळेला काय होतंय, असं ती मनाशी म्हणाली. रिकामी पिशवी जाण्यापेक्षा बरं, असंही म्हणाली. फोन करून "साल काढून दे" एवढं सांगावं असंही तिच्या मनात आलं होतं. पण तसं सांगितलं तर का, हे सांगावं लागलं असतं.

शुक्रवारी दुपारी गायत्रीचा फोन आला तेव्हा राजेश्वरी सोप्यात ज्वारी निवडत होती. मथुराबाई खाटेवर पडलेली. तिला नीट ऐकू जावं म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवायची घरात सवय होती.

"वैनी, प्रियाला रात्रीपासून उलट्या व्हायल्यात," गायत्री म्हणाली. आवाज जागरणानं घोगरा झालेला. "पोटात कळा येतेत म्हणती. तोंडातून सारखी लाळ गळायली."

"डॉक्टरकडं नेली न्हाई का?"

"सकाळीच नेली. गल्लीतल्याच डॉक्टरकडं. सुई दिली, म्हणले बाहेरचं काय खाल्लंय का? म्या म्हणलं, बाहेरचं माझ्या घराची पायरी चढत न्हाय." मग हळूच म्हणाली, "वैनी, काकडी घरच्याच वळीतली हाय न्हवं?"

तिला शंका आलेली नव्हती. शंका असती तर तिनं असं हळू विचारलं नसतं. देवाला हात जोडल्यावर माणूस कपाळाला हात लावतं, तसं तिनं विचारलं होतं, फक्त स्वतःच्या समाधानासाठी.

"व्हय," राजेश्वरी म्हणाली. "दुसरी कुठली असणार?"

खाटेवरून मथुराबाई उठून बसली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. "अगं गायत्री, उन्हाळी लागली असंल लेकराला. दुसरं काय देऊ नको. काकडी किसून पिळ आन् रस पाज. काकडीवानी थंड काय न्हाय."

"तेच करते आई. तेवढंच तिच्या पोटात ठरंल. दुसऱ्या कशाची मला खात्रीच वाटंना."

राजेश्वरीच्या हातातलं सूप थांबलं. तिनं तोंड उघडलं. "गायत्रीताई..." म्हणाली सुद्धा. पण तिकडून लेकीच्या रडण्याचा आवाज आला आणि गायत्रीनं "ठिवते वैनी" म्हणून फोन ठेवला. त्यानंतरही बोलता आलं असतं. फोन समोर पडलेला होता, नाव वरच होतं, बोट लावायचा अवकाश. राजेश्वरी सुपातले खडे वेचत राहिली. तीन पाण्यानं धुतलंय, मिठात घातलंय, ऊन लागलं असणार लेकराला, असं ती स्वतःला समजावत राहिली. इथं तिला चार शिव्या घालाव्यात असं कुणालाही वाटेल. घाला. तिनं स्वतःला पुढं ज्या घातल्या त्यांच्यापुढं त्या काहीच नाहीत.

शनिवारी सकाळी गायत्रीच्या नवऱ्याचा फोन आला, रणधीरच्या मोबाईलवर. शिवप्रियाला काल संध्याकाळी लेकरांच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं होतं. अंगाला झटके येत होते, डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या, श्वास घरघरत होता. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या की काहीतरी विष पोटात गेलंय. एक इंजेक्शन अंदाजानं चालू केलंय, दुसरं द्यायचं की नाही ते विष कुठलं हे कळल्याशिवाय ठरत नाही. घरातली झुरळांची पावडर, उंदराच्या वड्या, सगळं नेऊन दाखवून झालं होतं. त्यातलं काही नव्हतं.

"पाव्हणं, काय कळंना झालंय," तो रडत होता. "माझी आई तर गायत्रीलाच विचारायली, तूच काय पाजलं न्हाईस न्हवं म्हणून."

रणधीर फोन ठेवून कपडे बदलायला उठला. राजेश्वरीनं त्याला दारात अडवलं आणि सांगितलं. सगळं सांगितलं नाही, एकच वाक्य सांगितलं. "पिशवीत काकडी क्रेटातली घातली हुती म्या."

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो उंबऱ्यावर बसला. "आदल्या सांच्यालाच मारलं हुतं म्या," तो म्हणाला. "मला इचारायचं तरी!"

"इचारलं असतं तर रिकामी पिशवी जाऊ दिली असती का तुमी?"

तो खाली बघतच म्हणाला, "आता सांगून काय हुतंय. इलाज तर चालूच हाय. पोलीस केस झाली तर? कापसाचं औषध काकडीवर मारलं म्हणून उद्या बाजारात कुणी माल घेईल का आपला? आन् बहिणीला काय तोंड दावू म्या?" मग एकदम चिडून, "क्रेट गेले की त्याच दिवशी! इतक्या लोकांनी खाल्ल्या. कुणाला काय झालं का?"

"झालं असलं तरी तुमाला सांगायला कोण येणार हाय?" राजेश्वरी म्हणाली.

हे वाक्य तिच्या तोंडून निघालं आणि निघाल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं. आजवर एवढा माल गेला, कधी कुणी सांगायला आलं नव्हतं, म्हणून काही झालंच नव्हतं. ती उठली आणि वावराकडं चालू लागली. विहिरीमागच्या बांधावर रिकाम्या बाटल्यांचा ढीग असायचा. तिनं घाणेरीच्या झुडपात हात घालून ती बाटली शोधली. कागदावर लाल त्रिकोण होता, कवटी होती, बारीक अक्षरांत बरंच काही होतं. वास तसाच होता. ती एका प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तिनं कमरेच्या पिशवीत खोचली नाही, हातातच धरली. रणधीर मोटारसायकल घेऊन बांधाशी आला. त्यानं तिला अडवलं नाही. स्टँडपर्यंत सोडलं आणि म्हणाला, "आईला घेऊन मागनं येतो." तो त्या दिवशी आला नाही.

एसटी भरलेली होती. तुळजापूरची गाडी, देवीच्या दर्शनाला निघालेली माणसं. राजेश्वरीला खिडकीकडच्या बाईशेजारी जागा मिळाली. त्या बाईच्या मांडीवर तीनेक वर्षांचा पोरगा. गाडी सुटायच्या आधी स्टँडवरच्या काकडीवाल्यानं खिडकीतून टोपली वर धरली. उभ्या चार फाकी केलेल्या, मधे तिखट-मीठ भरलेल्या काकड्या. सालीसकट. बाईनं एक घेतली.

"वडे-भजी म्या देत न्हाय बघा लेकराला," ती आपणहून राजेश्वरीला सांगू लागली. "त्या तेलानं घसा धरतो. काकडी कशी, उन्हाची बरी."

ही काकडी कुणाच्या वावरातली हे राजेश्वरीला सांगता आलं नसतं. तिच्याही असेल, शेजारच्याही असेल. स्टँडवरचे विक्रेते आडतीतनंच उचलतात. पोरानं फाक तोंडाला लावली.

"नका देऊ ती," राजेश्वरी म्हणाली.

"का वो?"

"किडकी हाय."

बाईनं फाक उलटसुलट करून बघितली. "कुठं किडकी? चांगली नितळ हाय की."

"म्हणूनच म्हणते. देऊ नका. मी पाया पडते तुमच्या."

बाईनं तिच्याकडं नीट बघितलं. विस्कटलेले केस, मातीनं भरलेली बोटं, हातात प्लास्टिकात गुंडाळलेलं काहीतरी आणि त्याचा येणारा उग्र वास. तिनं पदर ओढून पोराचं तोंड झाकलं, दृष्ट लागू नये म्हणून झाकतात तसं, आणि त्याला खिडकीकडं वळवून बसवलं. पदराच्या आत पोरगा काकडी खात राहिला. त्याचा चावण्याचा आवाज राजेश्वरीला येडशीच्या पुढं येईपर्यंत ऐकू येत होता. तिनं गाडीत उभं राहून ओरडून सांगायला हवं होतं. ती मांडीवरची बाटली घट्ट धरून बसून राहिली.

दवाखान्यात गायत्री आतल्या काचेच्या खोलीत लेकीजवळ होती. राजेश्वरी बाहेरच्या बाहेर डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली आणि बाटली टेबलावर ठेवली. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला, नर्सला हाक मारून काहीतरी भराभर सांगितलं, आणि नर्स पळत गेली. मग त्यांनी विचारलं, कधी मारलं होतं, काकडी कधी तोडली, किती खाल्ली. राजेश्वरीनं सांगितलं. काल दुपारी पुन्हा रस पाजल्याचंही सांगितलं.

"काल? उलट्या चालू असताना?" डॉक्टरीणबाईंचा हात लिहिता लिहिता थांबला. "मी त्या आईला चारदा विचारलं, भाजीपाला कुठला आणता. ती म्हणाली, भाजी माझ्या माहेरची आहे, तिच्यावर शंका घेऊ नका. चिडली माझ्यावर." पुढं त्यांना काही बोलायचं होतं, पण त्यांनी चष्मा पुसला आणि उठल्या. "घरात उरलेल्या असतील तर आधी तिथून काढा. आणि त्यांना मी सांगणार नाही. तुम्ही सांगा."

गायत्रीच्या नवऱ्याकडून किल्ली घेऊन राजेश्वरी गायत्रीच्या घरी गेली. फ्रीजमध्ये स्टीलच्या डब्यात काकडीच्या चकत्या होत्या, कडेनं साचा मारून फुलासारख्या कापलेल्या. खालच्या कप्प्यात दोन अख्ख्या. ती ते घेऊन बाहेर आली आणि फेकायच्या कुठं हे तिला कळेना. कोपऱ्यावरच्या उकिरड्यात गाय तोंड घालून उभी होती. पुढच्या बोळात शेळ्या. नालीत टाकावं तर तिथं पोरं कागदाच्या नावा सोडत होती. बराच वेळ ती डबा घेऊन गल्लीत फिरली. त्या गुरुवारच्या क्रेटांना मात्र कसलीही अडचण आली नव्हती, टेम्पो वेळेवर आला होता. शेवटी तिनं सगळं पिशवीत बांधून स्वतःजवळच ठेवलं.

दुसरं इंजेक्शन लागू पडलं. लगेच नाही. मधे एक रात्र अशी गेली की मशीननं श्वास द्यावा लागला आणि गायत्री काचेला कपाळ टेकून उभी होती ती पाय सुजेपर्यंत. राजेश्वरी तिच्या शेजारी उभी राहायची, पाणी द्यायची, पाठीवरून हात फिरवायची. गायत्री तिच्या खांद्यावर डोकं टेकायची. दर वेळी राजेश्वरीच्या ओठांवर यायचं आणि दर वेळी तिला वाटायचं, लेकरू शुद्धीवर येऊ दे, मग सांगते. सांगणं पुढं ढकलायला माणसाला कारण कधी कमी पडत नाही.

शिवप्रिया शुद्धीवर आली. नळ्या निघाल्या, तिला साध्या खोलीत आणलं. बसवलं की मान लटकत होती, हाताला कापरं होतं, पण ओळखत होती, बोलत होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की धोका टळला, हाताचं कापरं किती दिवस राहील ते आत्ता सांगता येणार नाही, आणि आजपासून तोंडानं खायला द्या. त्या जाताना राजेश्वरीकडं बघून गेल्या.

गायत्रीनं लेकीचे केस विंचरून दोन बारक्या वेण्या घातल्या. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर जरा रंग होता. "डॉक्टरनं काय सांगितलं न्हाय, कशानं झालं," ती म्हणाली. "पर म्या वळखलंय. बुधवारी अंगणवाडीत कुणाचा तरी वाढदिवस हुता. खाल्लं असंल काहीतरी रंगाचं. आता अंगणवाडी बंद. बाहेरचं पाणीसुदिक न्हाय. वैनी, आता तुमच्याच हातचं. गुरुवारची गुरुवारी नगं, दोनदा धाडा. दादाला म्हणावं, तेवढी तकलीफ घे बहिणीसाठी."

"गायत्रीताई," राजेश्वरी म्हणाली, "ती काकडीच हुती."

गायत्रीनं वर बघितलं.

"घरच्या वळीत काय उरलं नव्हतं. म्या बाजाराच्या क्रेटातली घातली. आदल्या सांच्याला फवारा मारलेला हुता. तुमी फोनवर इचारलं तवाबी खोटं बोलले म्या." ती एका दमात बोलली. मग ती गायत्रीच्या पायांना हात लावायला वाकली, पण गायत्रीनं पाय मागं घेतले.

गायत्री ओरडेल, आपल्या झिंज्या धरेल, असं राजेश्वरीला वाटत होतं, आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं. गायत्री विचार करत होती. त्या दिवशी काय काय पाजलं, कुणी पाजलं, कुणाच्या हातानं, हे सगळं ती मनात लावत होती, आणि ते तिच्या तोंडावर दिसत होतं. तिनं स्वतःच्या उजव्या हाताकडं बघितलं. मग तिनं एकच विचारलं.

"शंभूला दिली का तुमी त्यातली?"

शंभू राजेश्वरीचा पोरगा, नऊ वर्षांचा. त्या गुरुवारी शाळेतून आल्या-आल्या तो टाकीवर आला होता आणि मिठाच्या पाण्यातली काकडी बघून त्यानं हात घातला होता. राजेश्वरीनं त्याच्या हातावर चापट मारली होती. कडू हाय म्हणून सांगितलं होतं.

"न्हाय," राजेश्वरी म्हणाली.

गायत्रीनं मान हलवली, जणू बाजारात कुणी भाव सांगितला आणि तिला तो आधीच माहीत होता. तिनं राजेश्वरीला जायला सांगितलं नाही, थांबायलाही नाही.

तेवढ्यात मेसचा माणूस ताट ठेवून गेला. मऊ खिचडी, दुधी भोपळ्याची पातळ भाजी, एक केळ, पेलाभर दूध. वाफ निघत होती. शिवप्रियानं मान कशीबशी सावरली आणि ताटाकडं बघितलं. इतके दिवस सलाइनवर काढलेलं लेकरू ते.

"आई, भूक लागली."

गायत्रीनं चमचा भरला, फुंकला आणि लेकीच्या तोंडापर्यंत नेला. शिवप्रियानं आ केला. चमचा तिथंच थांबला. गायत्रीनं तो खाली ठेवला, दुधाचा पेला उचलला, त्यात बघितलं, तोही ठेवला. केळ हातात घेऊन उलटंपालटं केलं. मग राजेश्वरीकडं न बघता ती म्हणाली, "वैनी, तुमी सांगा. तुमाला ठावं असतंय. ह्यातलं काय देऊ हिला?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती. राजेश्वरीनं ताटाकडं बघितलं. दुधी कसा पोसतात हे तिला माहीत होतं, डाळीला किडा लागू नये म्हणून काय करतात हे माहीत होतं, केळी कशानं पिकवतात हे माहीत होतं, आणि म्हशीला पान्हा फुटावा म्हणून कसली सुई देतात हेही माहीत होतं. ज्यांच्या-त्यांच्या घरच्या ओळी वेगळ्या असणार. हे ताट बाजारातलं होतं.

"आई, दे की," शिवप्रिया म्हणाली. तिनं स्वतःच चमच्याला हात घातला. कापऱ्या हातातून खिचडी चादरीवर सांडली. ती सांडलेली शितं वेचून तोंडात घालू लागली, आणि दोघींपैकी एकीलाही तिचा हात धरता येईना, की तिला भरवताही येईना.